आळ कुत्र्यांवर, चोर तोटीत: बाटल्या फसफसून उडण्याचा दीड वर्षाचा तपास

बाटली भरल्यावर तीन आठवड्यांनी उघडावी तर घरी केलेली बियर झकास. सहाव्या आठवड्यातही झकास, फक्त फेस जरा वाढलेला. दहाव्या आठवड्यात टोपण उचकटलं की अर्धी बाटली ओट्यावर, थोडी छतावर, आणि उरलीसुरली तळचा गाळ ढवळून गढूळ झालेली. एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. आमच्याकडे २०२३च्या जानेवारीपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चार घाणे असे वाया गेले, आणि दर वेळी आम्ही नवा आरोपी धरून आणला.

घाणा म्हणजे पाच गॅलन, साधारण १९ लिटर, ३५५ मिलीच्या अठ्ठेचाळीस ते पन्नास बाटल्या. बॅच म्हणायची पद्धत आहे, पण आमच्या घरी चकली आणि बियर एकाच ओट्यावर होतात, त्यामुळे दोन्हीचा घाणाच.

आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. मी, नवरा, दोन मुलं, वर्षातले पाच-सहा महिने सासूबाई आणि दोन दत्तक कुत्री. मोठी वीज, शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड. फ्लोरिडात २०१८ साली लोकांनी मतदान करून कुत्र्यांच्या शर्यती बंद करायचं ठरवलं, २०२०च्या अखेरीस तिथले ट्रॅक थांबले, आणि ज्या ग्रेहाउंडना घरं शोधावी लागली त्यांतली ही एक. तिच्या दोन्ही कानांत अजून गोंदलेले आकडे आहेत. धाकटा पांडू काउंटीच्या शेल्टरमधून आणलेला. त्याची जात व्हेटलाही सांगता आलेली नाही. जमिनीवर पडलेलं सगळं आपलंच, एवढंच त्याचं तत्त्व.

कायद्याचं आधीच सांगून टाकते. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८मध्ये सही केलेल्या कायद्यामुळे घरी, घरापुरती बियर करता येते. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. लग्नाचा हा एकमेव लेखी फायदा, असं नवरा म्हणतो. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी हे करणं १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तिकडच्या वाचकांनी हे तपासकथा म्हणूनच वाचावं.

कुणाकुणावर आळ घेतला

पहिला आळ अर्थात कुत्र्यांवर. घरात कुत्री आहेत म्हटल्यावर बियर करणारा प्रत्येक ओळखीचा माणूस नाक मुरडून “केस पडत असणार” म्हणतो. ग्रेहाउंडचे केस आखूड, पण पांडूचे सोफ्यापासून डाळीच्या डब्यापर्यंत सगळीकडे सापडतात, त्यामुळे आम्हालाही ते पटलं. पुढच्या खेपेला दोघांना वरच्या मजल्यावर कोंडलं, तळघराच्या दाराला फटीत टॉवेल लावला, वीज चार तास दाराशी कण्हत बसली. घाणा तरीही दहाव्या आठवड्यात उडाला. केस पडू नयेत हे खरंच, पण बियर बिघडवणारं बरंच काही माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या सातूच्या) धुळीत, नळ्यांत आणि आपल्या हातांवर असतं. कुत्री नसलेल्या घरातल्या बियरीही फसफसतात.

दुसरा आळ साखरेवर. बाटली भरताना थोडी साखर घालावी लागते. यीस्ट ती खातं, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद बाटलीत विरघळतो आणि बियरला बुडबुडे येतात. आम्ही पाच गॅलनला साडेचार औंस, म्हणजे १२८ ग्रॅम मक्याची साखर घालत होतो. हे काही जास्त नाही. आंबताना आधीच विरघळलेला वायू धरून बियरच्या प्रत्येक लिटरमागे साधारण २.४ लिटर वायू होतो, त्यालाच २.४ व्हॉल्यूम म्हणतात. तरी २०२३च्या फेब्रुवारीतल्या घाण्याला ती १०० ग्रॅमवर आणली. तिसऱ्या आठवड्यात बियर मिळमिळीत लागली. अकराव्या आठवड्यात तीच बियर कारंज्यासारखी उडाली. खरं तर तिथेच डोळे उघडायला हवे होते: साखर कमी केल्यावर सुरुवात मिळमिळीत झाली, शेवट मात्र तोच राहिला. म्हणजे सुरुवात साखर ठरवत होती आणि शेवट दुसरंच कुणीतरी. आम्ही ते लिहून ठेवलं आणि पुढे गेलो.

तिसरा आळ थंडीवर. आमचं तळघर हिवाळ्यात ५८-६० फॅरनहाइटवर, म्हणजे १५ सेल्सिअसच्या आसपास असतं. तिथे यीस्ट अर्ध्यात झोपी जातं, बाटलीत गेल्यावर वसंतात जागं होतं आणि उरलेली साखर खाऊन बाटली फुगवतं. हे कारण अगदी खरं आहे आणि पुष्कळांच्या बाबतीत तेच असतं. आम्ही बादलीला गुंडाळायचा हीटिंग बेल्ट आणला.

आणि मध्येच एका घाण्याने आम्हाला साफ चकवलं. मे २०२३मध्ये एका मित्राच्या चाळिसाव्या वाढदिवसाला केलेली पेल एल. एकही बाटली उडाली नाही! “ही रेसिपी लाभली,” म्हणून ऑगस्टमध्ये तीच पुन्हा केली, तोच माल्ट, तेच हॉप्स (बियरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुलं), तेच यीस्ट. नोव्हेंबरात तीही छताला. वाढदिवसाचा घाणा का वाचला हे कळायला मला आणखी तीन महिने लागले. तो पाचव्या आठवड्यात संपला होता. उडायला तो शिल्लकच राहिला नव्हता.

रात्री दोन वाजता

फेब्रुवारी २०२४. रात्री दोनच्या सुमारास तळघरात आवाज झाला, पत्र्यावर नारळ आपटल्यासारखा. मग दुसरा. नवरा उठेपर्यंत वीज न्हाणीघरातल्या टबात जाऊन थरथरत उभी होती. शर्यतीच्या कुत्र्यांना घरातले आवाज तसेही नवीन असतात, त्यात हा. पांडू मात्र तळघराच्या दाराला नाक लावून फटीखालून येणारा वास चाटायच्या बेतात. सासूबाई जिन्याच्या वर उभ्या राहून विचारत होत्या, “गॅस का गं?”

नवरा थोरल्याचा पोहण्याचा चष्मा, ओव्हनचे हातमोजे आणि जाड जॅकेट असा सजून खाली उतरला. हे हसण्यासारखं दिसतं, पण बरोबर होतं. फुटणाऱ्या बाटलीच्या काचा खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. दोन बाटल्या फुटल्या होत्या, बाकीच्या चाळीसएक उभ्या होत्या आणि त्यांतली कुठली पुढची हे सांगता येत नव्हतं. हाताला लागली ती सासूबाईंची गोधडी. ती क्रेटवर टाकून क्रेट हळू हळू गॅरेजात सरकवला. तिथे ३८ फॅरनहाइट होतं. गार बियरमध्ये वायू जास्त विरघळून राहतो, त्यामुळे बाटलीतला दाब उतरतो. (गोधडीचा वास दोन धुण्यांत गेला. त्यावरचं बोलणं अजून गेलेलं नाही.)

फसफसलेल्या बियरचीच ग्रॅव्हिटी मोजा

ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत बियर किती दाट आहे तो आकडा. पाण्याचा १.०००. यीस्ट साखर खात जातं तसा बियरचा आकडा उतरतो. तो हायड्रोमीटर नावाच्या तरंगत्या काचेच्या नळीने मोजतात. हे आम्ही पहिल्याच वेळी करायला हवं होतं, आणि बहुतेक लोक करत नाहीत. बियर उडाली की माणूस पुसायला फडका शोधतो आणि उरलेली सिंकमध्ये ओततो. ती ओतू नका. तोच पुरावा आहे.

बाटली गार करून सिंकमध्ये उघडायची. हाती लागेल ती बियर एका भांड्यात घेऊन दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतायची, पुन्हा पहिल्यात, उडप्याकडे कॉफी करतात तशी, बुडबुडे संपेपर्यंत. बुडबुडे राहिले तर ते हायड्रोमीटरला वर ढकलतात आणि आकडा खोटा येतो. मग ती हायड्रोमीटरवर लिहिलेल्या तापमानाला, सहसा ६० किंवा ६८ फॅरनहाइटला आणून वाचायची. हा आकडा बाटल्या भरताना वहीत लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा.

फुटला तो घाणा अंबर एल या तांबूस बियरचा. ती १.०५२वरून सुरू होऊन १.०१२वर थांबली होती. हीटिंग बेल्ट लावून ६८ अंशांवर (इथून पुढेही अंश म्हणजे फॅरनहाइटच), आठ दिवसांत तीनदा मोजून तीनदा १.०१२. फुटलेल्या बाटलीच्या शेजारच्या बाटलीत आकडा आला १.००५.

इथून तपास सरळ झाला. नुसती साखर जास्त झाली असेल तर बियर फसफसते, पण घातलेली साखर संपली की ग्रॅव्हिटी जुन्या आकड्यापाशीच येऊन थांबते, त्याच्या सात खाली जात नाही. साखर सुटली. आंबणं अर्धवट राहिलं असेल तर आकडा खाली जाऊ शकतो, पण उबेत आठ दिवस हललाच नव्हता. थंडी सुटली. ग्रॅव्हिटीचा एक आकडा, म्हणजे ०.००१, उतरला की अंदाजे अर्धा व्हॉल्यूम वायू होतो. सात उतरले म्हणजे साडेतीन, अधिक आमचे मुळातले २.४. जवळजवळ सहा! साधी लांब मानेची बियरची बाटली तीन-साडेतीनपर्यंतच भरवशाची.

मग राहिलं काय? दोन-तीन शक्यता. एक, हॉप्स. आंबणं संपल्यावर सुगंधासाठी कच्चे हॉप्स घातले तर त्यांतली एन्झाइमं यीस्टला न पचणारी साखर तोडून देतात आणि ग्रॅव्हिटी पुन्हा उतरू लागते. ब्राउन आणि मॉरिस या इंग्लंडच्या रसायनतज्ज्ञांनी हे १८९३मध्येच लिहून ठेवलं होतं, मग बराच काळ ते कुणाला आठवलं नाही. पेल एलमध्ये आम्ही असे हॉप्स घातले होते, पण अंबरमध्ये पानही नव्हतं. हॉप्स सुटले. दोन, जिवाणू. मग आंबट लागायला हवी, किंवा मानेशी, बियरच्या पातळीवर पांढरट कडं दिसायला हवं. तसं काही नव्हतं.

तीन, कुठलंतरी दुसरं यीस्ट. नवऱ्याने घोट घेतला आणि म्हणाला, “पातळ झालीय. आणि मिरी लागतेय.” मी घेतला. मिरी आणि जराशी लवंग. अंबर एलमध्ये या दोन्हींचं काही काम नाही. सेझाँमध्ये आहे.

सेझाँ ही बेल्जियमच्या शेतघरांतली उन्हाळी बियर. जुलै २०२२मध्ये आम्ही एकदाच केली होती, कारण गॅरेजात ८५ अंश होते आणि दुसरं कुठलंच यीस्ट त्या उकाड्यात नीट वागलं नसतं. अप्रतिम झाली होती. १.००३पर्यंत उतरून खणखणीत कोरडी. सेझाँची काही यीस्टं ज्या वाणाची असतात त्याला डायस्टॅटिकस म्हणतात. साध्या यीस्टला माल्टमधल्या साखरेच्या लांब साखळ्या तोडता येत नाहीत, म्हणून तर बियरला थोडं अंग उरतं. डायस्टॅटिकसकडे एसटीए१ नावाचा जनुक असतो. त्याच्या जोरावर ते एन्झाइम बाहेर सोडून या साखळ्या आठवडेच्या आठवडे कुरतडत बसतं. दुसऱ्या बियरीत त्याच्या थोड्या पेशी शिरल्या तरी पुरतात. तिसऱ्या आठवड्यात काहीच कळत नाही. दहाव्यात कळतं.

ते उकळीतून आलेलं नसणार, उकळीत सगळं मरतं. आंबवायची बादली आम्ही २०२३मध्ये नवी घेतली होती. मग सेझाँपासून आजपर्यंतच्या प्रत्येक बियरीने शिवलेली एकच वस्तू उरली: बाटल्या भरायची बादली.

तोटी

या बादलीला तळाशी प्लास्टिकची तोटी असते. फिरवली की चालू, फिरवली की बंद. पाहिली तर एक अखंड वस्तू वाटते. प्रत्यक्षात ते एकात एक बसवलेले दोन दंडगोल असतात. आतला फिरतो, बाहेरचा स्थिर. कडक पाण्यात पाच मिनिटं ठेवून मागून जाड लाकडी चमच्याने ढकललं की आतला ‘टप्’ करून बाहेर येतो.

आमचा आला. त्याच्या भोवती, दोन्हींच्या मधल्या जागेत, करड्या-तपकिरी लिबलिबीत थराचं कडं होतं. भाताच्या पेजेची साय वाळत आल्यावर दिसते तसं. नखाने ओढलं तर अख्खं सुटून आलं. वास मिरीचा.

“तू ही शेवटची कधी खोलली होतीस?”

“मी? तोटी तर तू लावतेस ना.”

“लावते. धुतलेली असते म्हणून लावते.”

“मी बादली धुतो. तोटी… मला वाटायचं लावायच्या आधी तू खोलतेस.”

आमच्याकडे बियर दोन तुकड्यांत होते. रविवारी मी मुलांना मराठी शाळेत सोडून येईपर्यंत नवरा माल्ट १५२ अंशांच्या पाण्यात भिजवतो. मी आले की तो मुलांना घेऊन फुटबॉलला जातो आणि तासाभराची उकळी माझ्याकडे. बाटल्या भरायच्या मुलं झोपल्यावर. धुणं रात्री त्याचं, जोडणं सकाळी माझं. या दोन पाळ्यांच्या मध्ये ती तोटी २०२१मध्ये विकत घेतल्यापासून कुणीच खोललेली नव्हती. दर वेळी आम्ही तिच्यातून स्टार सॅन सोडत होतो, आणि इथेच फसवणूक होते. आम्लाचं हे सॅनिटायझर स्वच्छ पृष्ठभागावर दोन मिनिटांत काम करतं, पण साचलेल्या थराच्या आत ते पोचत नाही. आधी घासून थर जायला हवा, मग सॅनिटायझर.

खात्री करून घेण्यासाठी

नवरा तोटी तिथल्या तिथे कचऱ्यात टाकायला निघाला होता. मी टाकू दिली नाही. चार वेळा आपण खात्रीने चुकलो आहोत, पाचव्यांदा नुसत्या संशयावर कशाला फासावर द्यायचं? यावर आमचं बऱ्यापैकी वाजलं. चांगली बियर मुद्दाम घाण तोटीतून काढायची म्हणजे काय, असं त्याचं म्हणणं. शेवटी अर्धी-अर्धी ठरली.

मार्च २०२४मध्ये तीच अंबर केली. पेलाभर बियर जास्तीचं यीस्ट घालून पाणी तापवायच्या बॉयलरशेजारी पाच दिवस ठेवली. या यीस्टकडून ती जास्तीत जास्त किती उतरू शकते हे यातून कळतं. १.०११ आलं, म्हणजे आमच्या १.०१२मध्ये काही लपलेलं नव्हतं. मग चोवीस बाटल्या नव्या नळीने थेट आंबवायच्या बादलीतून भरल्या, प्रत्येकीत सव्वादोन ग्रॅमचा साखरेचा एक लहान चौकोनी खडा. उरलेल्या चोवीस जुन्या बादलीतून, जुन्या तोटीतून, तोच एक खडा. टोपणांवर मार्करने ‘न’ आणि ‘जु’. सगळ्या ७५ अंशांच्या कपाटात, झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या पेटीत. प्रत्येक गटातली एक बियर सोड्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत भरली. ही युक्ती फार कामाची आहे. प्लास्टिकची बाटली दाबून बघितली की आतला दाब बोटांना कळतो, काच उघडावी लागत नाही.

सातव्या आठवड्यात ‘जु’ची प्लास्टिकची बाटली दगडासारखी झाली होती. ‘न’ची अंगठ्याने जरा दबत होती. दहाव्या आठवड्यात मोजलं: ‘न’ १.०१२, ‘जु’ १.००६. सासूबाई शेजारी बसून हे सगळं पाहत होत्या. माल्ट म्हणजे सातूला मोड आणून वाळवणं हे कळल्यापासून त्यांच्या लेखी बियर ही नाचणीच्या सत्त्वाची जरा बिघडलेली चुलत बहीण आहे. त्या म्हणाल्या, “इडलीचं पीठ फुगलं की आपण भांडं बघतो गं, आधीचं काय राहिलंय का.” हे त्यांनी दीड वर्षापूर्वी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. अर्थात तेव्हा आम्ही विचारलं नव्हतं.

यानंतर तोटी, भरायची नळी, सगळ्या रबरी नळ्या आणि ती बादलीसुद्धा फेकली. प्लास्टिकवर चरे पडतात आणि चऱ्यांत हे यीस्ट तग धरतं. नवीन सामान वीस-पंचवीस डॉलरचं, एका घाण्याच्या माल्टपेक्षा स्वस्त. रिकाम्या बाटल्या पीबीडब्ल्यूसारख्या अल्कलीच्या पावडरीत १४० अंशांच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या, ब्रशने घासल्या. आता तोटी दर वेळी खोलली जाते आणि दोन तुकड्यांतच वाळत ठेवली जाते. जोडलेली तोटी मला दिसली तर ती धुतलेली नाही असंच मी धरते.

तुमच्या बाटल्या आमच्यासारख्या वागत नसतील तर चोर दुसरा असू शकतो. घाण्यातल्या मोजक्याच बाटल्या उडत असतील तर साखर नीट मिसळली गेलेली नाही, किंवा त्या बाटल्यांच्या तळाशी जुना गाळ चिकटलेला होता. सगळ्या बाटल्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासूनच उडत असतील तर साखरेचं माप किंवा अर्धवट आंबणं. बाटल्या भरताना खरंच पाच गॅलन होते का, हेही पाहा. गाळात एक गॅलन गेला आणि साखर पाच गॅलनची घातली, हे पुष्कळदा होतं. उबदार उघडली की उडते आणि दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून उघडली की उडत नाही, तर कदाचित काही बिघडलेलंच नाही. ग्रॅव्हिटी जुन्या आकड्यावरच आहे, चव छान आहे आणि तरी उडते, असं क्वचित बुरशी लागलेल्या धान्यामुळेही होतं. तेव्हा माल्ट बदलून पाहायचा. आणि सगळ्या, उशिरा, चढत्या क्रमाने उडत असतील तर तोटी खोला.

सध्या हाताशी अशा बाटल्या असतील तर

हलवू नका. डोळ्यांना चष्मा, हातांना जाड मोजे, बाटल्यांवर जाड पांघरूण. जमतील तेवढ्या गार करा, पण गोठवू नका, गोठली तरी बाटली फुटते. दोन दिवसांनी एकेक बाटली सिंकमध्ये टॉवेलखाली धरून टोपण ओपनरने जरासं उचलायचं, फुस्स आवाज ऐकायचा, सोडायचं. वायू काढून पुन्हा टोपण लावून बियर वाचवायच्या फंदात आम्ही एकदा पडलो होतो. यीस्ट आतच असतं, महिन्याने पुन्हा तेच. ओतून टाका.

वीज, पांडू आणि हॉप्स

त्या रात्री मला खरी भीती काचांची नव्हती. तळघराच्या कोपऱ्यात, बाटल्यांपासून चार फुटांवर, आदल्या दिवशीच्या उकळीतून उरलेला हॉप्सचा चोथा उघड्या बादलीत होता. नवऱ्यामागे दार उघडंच राहिलं होतं आणि पांडू खाली उतरला होता.

हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत. ताजे, गोळ्यांचे, उकळून उरलेले, सगळे. शरीराचं तापमान भराभर चढतं. कुत्र्याचं नेहमीचं १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, ते १०५च्या पुढे जातं. धाप लागते, हृदय जोरात धावतं, उलट्या होतात, झटके येतात, आणि काही तासांत कुत्रं जाऊ शकतं. ग्रेहाउंडना हा धोका विशेष आहे. १९९७ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय नियतकालिकात अशा पाच कुत्र्यांची नोंद छापून आली होती, त्यांत ग्रेहाउंड होते. कुत्र्याने हॉप्स खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता व्हेटला किंवा एएसपीसीए या अमेरिकेतल्या प्राणिसंस्थेच्या विषबाधा केंद्राला फोन करायचा. ते चोवीस तास उघडं असतं. घरच्या उपायांत वेळ घालवू नका. पांडूला त्या रात्री मी मानेला धरून वर खेचला, टॉर्च लावून दात तपासले, आणि सकाळपर्यंत दर अर्ध्या तासाने त्याचं पोट हाताने बघत बसले. काही झालं नाही. त्याने बादलीला तोंडच लावलं नव्हतं, जमिनीवरच्या बियरीत त्याला जास्त रस होता. तीही कुत्र्यांना चालत नाहीच.

आता हॉप्स शिजतात ते मोजून बांधलेल्या पिशव्यांत. जितक्या आत गेल्या तितक्याच बाहेर आल्या हे मी मोजते आणि नवरा मोठ्याने म्हणतो. चोथा दुहेरी पिशवीत, गाठ मारून, झाकणाच्या डब्यात, त्याच रात्री बाहेर. बागेच्या खतात कधीही नाही.

धान्याचा चोथा मात्र, तो हॉप्सच्या आधी काढलेला असतो म्हणून, दोघांच्या वाट्याचा. चार वाट्या चोथा, चार वाट्या कणीक, वाटीभर पीनट बटर, दोन अंडी. पीनट बटरच्या डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना हे आधी वाचायचं, कुत्र्यांना तेही विष आहे. ३५० अंशांवर अर्धा तास, मग २२५ अंशांवर आठ तास, कडकडीत वाळेपर्यंत. ओलसर राहिली तर चार दिवसांत बुरशी येते. सासूबाई त्यांना शंकरपाळ्यांसारख्या कापतात आणि एकदा पाहुण्यांनी त्या चहाबरोबर खाल्ल्या, पण तो विषय वेगळा.

गेल्या जुलैत नवऱ्याने पुन्हा सेझाँ केली. लाल टेप लावलेली वेगळी बादली, वेगळी तोटी, वेगळ्या नळ्या, सगळं गॅरेजात एका खोक्यात, आणि खोक्यावर माझ्या अक्षरात ‘घरात आणू नये’. पहिली बाटली उघडताना टोपणाचा आवाज झाला तशी वीज उठून टबात गेली. अंबरच्या बाटलीला ती कान हलवते आणि पडून राहते. फरक तिला कसा कळतो, देव जाणे.